बॅगेतून काय आणलं?

माझ्या धंद्यात संशयी माणसाला पगार मिळतो. मी सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्याने बनवलेलं बटण आधी सरळ दाबायचं, मग वाकडं दाबायचं, आणि ते बिघडलं की का बिघडलं याचा पिच्छा पुरवायचा. ही सवय घरातही सुटत नाही असं बायको म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. त्यामुळे महामारीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या पश्चिम सिडनीतल्या मराठी ग्रुपने ऑनलाइन मोहीम काढायचं ठरवलं, तेव्हा बाकीचे संतापलेले होते आणि मला मात्र कुतूहल वाटत होतं. घरात बसून, फोनवर अंगठे चालवून, सरकारची एक व्याख्या बदलता येते का?

व्याख्या साधी होती. देशाच्या सीमा बंद होत्या. इथल्या नागरिकांच्या आणि कायमच्या रहिवाशांच्या जवळच्या कुटुंबाला आत यायची परवानगी मागता येत होती. जवळचं कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं. आई-वडील त्यात बसत नव्हते. आई म्हणजे जवळचं कुटुंब नाही, हे वाक्य मराठीत म्हणून पाहिलं की ते किती विचित्र आहे ते कळतं.

माझा त्यात जीव अडकला होता. पहिल्याच वर्षी माझे बाबा पुण्यात गेले. कोविडने नाही, हृदयाने, दुपारचा चहा पिऊन झाल्यावर. मी क्वेकर्स हिलच्या घरात, ऑफिसच्या लॅपटॉपशेजारी फोन टेकवून, शेजाऱ्यांनी तिकडे धरलेल्या फोनमधून अंत्यविधी दिसला तेवढा पाहिला. देशाबाहेर जायलाही तेव्हा परवानगी लागायची आणि गेलं तर परत कधी येता येईल याची खात्री नसायची. तेव्हापासून आई सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये एकटी होती. तिला इकडे आणायचं, एवढंच मला हवं होतं. ग्रुपवर मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मी तिथे फक्त तांत्रिक मदत करणारा माणूस होतो.

मोहिमेची सूत्रं कॅसल हिलच्या एका मैत्रिणीकडे होती. मूळची नाशिकची, इथेच शिकायला आलेली, आता इथलीच. तिची मुलगी वर्षाची व्हायला आली होती आणि आजी-आजोबांनी तिला फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं. तिच्या आवाजात कायम भांडणाची तयारी असायची. आमच्या दोघांच्या घरात पाच किलोमीटरपेक्षा जास्त अंतर, म्हणजे त्या लॉकडाउनमध्ये भेटणं बेकायदेशीर. सगळी मोहीम आम्ही एकमेकांना न भेटता चालवली.

संसदेच्या वेबसाइटवर तिने एक याचिका टाकली आणि ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांनी सही करा आणि दहा जणांना पाठवा.’ पहिल्या चार दिवसांत सह्यांचा आकडा असा काही पळायला लागला की ग्रुपवर फटाक्यांची चित्रं फुटायला लागली. एकाने तर विजयाच्या भाषणाला सुरुवातच केली.

मी दर तासाला आकडा लिहून ठेवत होतो. कोणी सांगितलं नव्हतं, पण राहवत नाही. आणि मला एक गंमत दिसली. संध्याकाळी, जेव्हा आमचे लोक काम संपवून मोकळे होतात, तेव्हा आकडा जेमतेम हलायचा. दुपारी अडीच ते चार, जेव्हा सगळे मीटिंगमध्ये अडकलेले, तेव्हा तो उड्या मारायचा. दुपारी अडीचला एवढं रिकामं कोण असतं? मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे अडीच म्हणजे पुण्यात सकाळचे दहा. नाश्ता झालेला, पेपर वाचून झालेला, फोन हातात.

मी आईला फोन लावला.

“आई, मी ती लिंक पाठवली होती, त्यावर तू सही केलीस का?”

“केली ना. नुसती माझी नाही, सोसायटीतल्या बावीस जणांची करून घेतली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दिसत नाही, त्यांची मीच भरली.”

“त्यात एक चौकोन होता. मी ऑस्ट्रेलियाची नागरिक किंवा रहिवासी आहे, असा.”

“होता. त्यावर टिक केल्याशिवाय पुढेच जात नव्हतं.”

“मग?”

“मग टिक केली.”

“आई, तू सिंहगड रोडला राहतेस.”

“ते मला माहितीये. पण तू पाठवलंस म्हणजे विचार करूनच पाठवलं असशील ना? मुलाचं काम आहे म्हणून सगळ्यांनी केलं. एवढे जिने मी चढून गेले.”

मला हसू आवरेना, पण मी लगेच बाकीच्यांनाही फोन लावले. चौकशी केली तर घरोघरी हीच कथा. मैत्रिणीच्या काकांनी नाशिकचा अख्खा ज्येष्ठ नागरिक संघ कामाला लावला होता. कोणाच्या मावशीची योगाची बॅच, कोणाच्या मेव्हण्याचं ऑफिस. यात कोणाची लबाडी नव्हती. आपल्या लोकांत ‘सर्वांनी’ म्हटलं की मामेभाऊ आलाच. रहिवासी कोण हा सरकारचा प्रश्न, आपलं कोण हा आमचा, आणि आमचं उत्तर कायम मोठं असतं. गंमत बघा, आम्ही भांडत होतो ते कुटुंबाच्या व्याख्येसाठी आणि आमची व्याख्या अशी ऐसपैस की तिनेच आम्हाला गोत्यात आणलं.

मैत्रिणीला सांगितलं तर ती भडकली.

“कोणाला कळणारे? कोण चेक करतंय एवढं?”

“मी केलं ना चेक. मला जमलं तर कोणालाही जमेल.”

“यार, तू कोणाच्या साइडने आहेस?”

तिसऱ्या दिवशी तिचाच मेसेज आला, ‘लिही पत्र, मी सही करते. पण मला आवडलेलं नाही हे लक्षात ठेव.’ आम्ही याचिका विभागाला झालेला घोळ कळवला, ती याचिका मागे घेतली आणि नवी टाकली. या वेळी ग्रुपवरच्या मेसेजच्या पहिल्याच ओळीत मराठीत लिहिलं की फक्त इथे राहणाऱ्यांनीच सही करायची आहे, भारतातल्या नातेवाइकांना पाठवू नये. ग्रुपवर आमचा यथेच्छ उद्धार झाला. विजयाचं भाषण लिहिणारा माणूस सगळ्यात जास्त बोलला. नव्या याचिकेचा आकडा इतका केविलवाणा होता की मी तो दर तासाला लिहायचं सोडून दिलं.

मग आम्ही पत्रांकडे वळलो. मैत्रिणीने खासदारांसाठी सुरेख इंग्रजीत एक पत्र लिहिलं. कोणालाही वापरता येईल असं, नावाची जागा मोकळी सोडून. लोकांनी ते भराभर पाठवलं. आठवड्याभराने आमच्या भागातल्या खासदारांच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. आवाज प्रसन्न, खास इथला, ‘मेट’ म्हणजे मित्राला ‘माइट’ म्हणणारा.

“लव्हली लेटर, माइट,” त्या म्हणाल्या. “पण तेच पत्र मी आठवडाभर वाचतेय. चार जणांनी तर खाली ‘युअर नेम हिअर’ तसंच ठेवलंय.”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, नो वरीज, पण एक सांगते. एकसारखी पत्रं मी मोजते आणि फाइलला लावते. कोणी स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या, तर ते पान मी साहेबांच्या टेबलावर ठेवते.

एवढं स्पष्ट मला आजवर कोणत्याही क्लायंटने सांगितलं नव्हतं. स्वतःच्या शब्दांत चार ओळी. आणि इथेच सगळं घोडं अडलं. हे लोक वर्षाअखेरीस स्वतःच्या कामाबद्दल पानंच्या पानं लिहितात, पण आईबद्दल चार ओळी म्हटलं की यांचे हात थिजतात. मला याचं खरंच नवल वाटायला लागलं. मी कामात करतो तसे प्रयोग सुरू केले. एका आठवड्यात ग्रुपवर लिहिलं, ‘आपली व्यथा मोकळेपणाने मांडा.’ उत्तरात नुसते जोडलेले हात. पुढच्या आठवड्यात लिहिलं, ‘हा अन्याय आहे, आवाज उठवा.’ आवाज उठला, पण तो कोणत्या पक्षाला मत द्यायचं यावर, आणि दोन माणसं ग्रुप सोडून गेली. मग रडणाऱ्या आजीचं एक चित्र टाकून पाहिलं. त्यावर एकाने विचारलं, “कोणाच्या आहेत या?” कोणाच्याच नव्हत्या. मला माझीच लाज वाटली.

मी एकेकाला फोन करून विचारलं, का लिहीत नाही? उत्तरं वेगवेगळी, अर्थ एकच. घरातलं बाहेर कशाला. आमच्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक आहेत, आपण काय रडायचं. एक जण म्हणाला, “आईला कळलं मी असं लिहिलंय तर तिला वाटेल मी इथे सुखात नाही.”

पुढचं जे झालं ते ठरवून झालं नाही. एका सकाळी मी पिवळ्या झाकणाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला बाहेर काढत होतो. आमच्या घराच्या बाजूच्या फाटकाला एक पितळी कडी आहे, चांगली वीतभर लांब. ती बाबांनी आणलेली. मागच्या वेळी आईबरोबर इकडे येण्याआधीच बाबांनी इथली फाटकं फोटोत पाहून ठेवली होती आणि त्यांचं मत पडलं होतं की या देशात कडीची अक्कल कोणाला नाही. म्हणून पुण्याच्या बोहरी आळीतून ही कडी, तिचे स्क्रू आणि एक स्क्रू ड्रायव्हर बॅगेतून आणला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ती कडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, हे काय आहे? बाबा म्हणाले, “गेट. सन्स गेट.” त्याने मान डोलावली आणि सोडून दिलं.

डबा ठेवून आत आलो आणि सहज, काही डोक्यात नसताना, ग्रुपवर प्रश्न टाकला: ‘आई-बाबा मागच्या वेळी आले तेव्हा बॅगेतून काय आणलं होतं?’

दुपारपर्यंत फोन तापला. जे लोक दोन महिने नुसते हात जोडत होते, ते परिच्छेद लिहायला लागले. एकीच्या आईने आमटी वाढायला खास बनवून घेतलेला डाव आणला होता, कारण इथल्या डावांना खोलीच नाही. एकाच्या वडिलांनी त्याची पहिली ते बारावी सगळी प्रगतिपुस्तकं आणली होती, कधी लागली तर असावीत म्हणून. लेक चाळिशीची, मोठ्या कंपनीत मॅनेजर, तरी तिच्या आईने मिक्सरचं जादा भांडं हातातल्या पिशवीत धरून आणलं, विमानात मांडीवर घेऊन झोपली. कोणाच्या आईचा काळा मसाला विमानतळावर हुंगताना अधिकारी शिंकला, तर तिनेच त्याला सुनावलं की असा हुंगतात का. एका सुनेने लिहिलं, सासूबाईंनी मला न विचारता सहा ब्लाउज शिवून आणले, एकही बसत नाही, सहाच्या सहा जपून ठेवलेत. आणि एकाने लिहिलं की पातेली ज्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळून आली ते पान अजून कपाटात आहे, बातम्या शिळ्या झाल्या, घडी तशीच आहे.

मी प्रत्येकाला पुन्हा फोन केला. “हेच इंग्रजीत लिही. खाली फक्त लिही की ती आता का येऊ शकत नाही. आणि पाठव.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“याला कोण वाचणारे?”

“तू आधी पाठव.”

त्यांनी पाठवली. दुःख सांगा म्हटलं की गप्प बसणारी माणसं डावाबद्दल लिहिताना मोकळी झाली, आणि डावाबद्दल लिहिता लिहिता बाकीचं आपोआप त्यात उतरलं. मैत्रिणीने तोच प्रश्न इंग्रजीत, बाहेरच्या देशांतून आलेल्यांच्या एका ग्रुपवर टाकला तर आयर्लंडची एक बाई आली, ब्राझीलचा एक मुलगा आला, आणि त्यांच्याही आयांच्या बॅगा आमच्यासारख्याच निघाल्या. कार्यालयातल्या त्या बाईंचा परत फोन आला. म्हणाल्या, “त्या ब्लाउजच्या पत्रानं मी ऑफिसात रडले, माइट.” मोहीम म्हणजे काय, हे मला त्या दिवशी थोडंसं कळलं. हजार माणसांना एक गोष्ट बोलायला लावण्यापेक्षा एका माणसाला त्याला माहीत असलेलीच गोष्ट विचारावी.

त्याच आठवड्यातली गोष्ट. बायको वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दुपारची शिफ्ट संपवून आली, तोंडावर मास्कचे वळ, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच ग्रुप वाचत होती.

“सगळ्यांच्या बॅगा उघडल्यास. तुझी कुठाय?”

“मी अॅडमिनचं काम बघतो.”

“हो का,” ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

मग मी लिहिलं. कडीबद्दल लिहिलं, अधिकाऱ्याबद्दल लिहिलं, आणि खाली लिहिलं की ती आणणारे आता नाहीत, माझी आई एकटी आहे आणि तिने आमच्याजवळ राहावं असं मला वाटतं. वाचून पाहिलं. चुका नव्हत्या. पाठवून दिलं.

काही आठवड्यांनी सरकारने जाहीर केलं की आई-वडीलही आता जवळचं कुटुंब धरले जातील. मैत्रिणीचा फोन आला, ती नुसती रडत होती आणि मागे तिची मुलगी ओरडत होती. आमच्यामुळे झालं का? मला अजून सांगता येत नाही. देशभर अनेकांनी अनेक मोहिमा चालवल्या होत्या, लसी आल्या होत्या, सीमा तशाही उघडायच्याच होत्या. माझ्या कामात एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतात, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. इथे सगळंच एकदम बदलत होतं.

मी दुपारी अडीचला आईला व्हिडिओ कॉल केला. ती खिडकीत बसून मेथी निवडत होती.

“आई, झालं! आता तू येऊ शकतेस. मी आजच अर्ज भरतो.”

“अरे वा. त्या नाशिकच्या मुलीच्या आईला जाता येईल आता. बरं झालं हो.”

“मी तुझं बोलतोय.”

“मी कुठे म्हटलं मला यायचंय?”

मला वाटलं ती चेष्टा करतेय. “मग त्या बावीस सह्या?”

“तुला हव्या होत्या म्हणून. माझ्यासाठी आहेत असं कुठे म्हणालास? मला वाटलं तुझं तिथलं काही काम आहे.”

मी आठवून पाहिलं. चौकोनाबद्दल विचारलं होतं. सोसायटीबद्दल विचारलं होतं. डावाबद्दल, मसाल्याबद्दल, सगळ्या ग्रुपला विचारलं होतं. आईला यायचंय का, हा प्रश्न मी दीड वर्षात एकदाही विचारला नव्हता. रोज ‘इकडे ये’ म्हणत होतो, पण तो प्रश्न नव्हता.

“तू रोज म्हणतोस इकडे ये,” आई म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. “मी येतो असं एकदाही म्हणाला नाहीस.”

“सीमा बंद होत्या, आई.”

“होत्या. मला माहितीये.”

हे खरं होतं आणि पूर्ण खरं नव्हतं. देशाबाहेर जायच्या परवानगीचा अर्ज मी बाबा गेले त्याच आठवड्यात उघडला होता. कारणांच्या यादीत माझं कारण होतं. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला, प्रत्येक रकाना तपासला आणि बंद केला. परत येता आलं नाही तर, नोकरीचं काय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्या फ्लॅटचं दार बाबांशिवाय कोणीतरी उघडेल, हे मला बघायचं नव्हतं. म्हणून मी आईला तिथून उचलून इकडे आणायला निघालो होतो. तेवढ्यासाठी देशाचा नियम बदलायला निघालो होतो. हे मला त्या दिवशी, तिच्या हातातल्या मेथीकडे बघताना कळलं आणि फार वाईट वाटलं.

“मी येतो,” मी म्हणालो.

“ये.”

“काय आणू तिकडून? तुला काही हवंय?”

तिने मेथी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “काही नको. मोठी बॅग आण, पण रिकामी आण. बाबांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. तुझ्यासाठी थांबलेय.”

फोन ठेवून मी गॅरेजमध्ये गेलो. मोठी बॅग सगळ्यात वरच्या फळीवर होती. तिच्यात आम्ही हिवाळ्याची जॅकेटं कोंबून ठेवली होती. ती एकेक करून बाहेर काढली आणि आत हात घालून सगळे कप्पे तपासले, काही राहिलं नाही ना म्हणून.